जुनी गाडी घेताय? आधी विचारा, पुराच्या दिवशी ती कुठे होती!



धंदा सुरू करायचा म्हटलं की गाडीचा खर्च आलाच. मसाले विका, बेकरीचा माल विका, नाहीतर पाण्याचे जार. गावोगावी माल पोचवायला चार चाकं लागतातच. नवी परवडत नाही म्हणून आपण जुनी बघतो. त्यात गैर काहीच नाही. माझ्या दुकानाची पहिली व्हॅनसुद्धा जुनीच होती. बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त आणि आतून-बाहेरून चकाचक. स्वस्त का, हे मी विचारलं नाही. माझी चूक तीच.

पाच महिने गाडी छान चालली. मग एक काच खाली होईना. मग मागचे दिवे गेले. ऐन दिवाळीच्या आठवड्यात गाडी स्टार्टच होईना. मेकॅनिकने मागचं कार्पेट उचललं, तर खाली वाळलेल्या गाळाचा थर! गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली होती. दुरुस्तीचा खर्च भरून निघाला, पण त्या तीन दिवसांत जी दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली ती परत आली नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. धंद्यासाठी जुनी गाडी घेताना मायलेज आणि टायर नंतर बघा, आधी ती बुडाली होती का ते बघा. इंजिन खराब असेल तर आवाजावरून कळतं, ठोकलेली असेल तर पत्र्यावरून कळतं. पाणी मात्र गुपचूप काम करतं. वायरिंगच्या जोडांत ओल राहते, तांब्यावर हिरवट गंज चढतो आणि महिन्यांनी एकेक गोष्ट बंद पडायला लागते. एअरबॅग ऐन वेळी उघडेल की नाही, याचीही खात्री राहत नाही.

"आपल्या बुलढाण्यात कुठून येणार अशी गाडी?" असं बरेच जण म्हणतात. तारखा आठवा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि वस्त्यांमध्ये उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्याच संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पूर आला होता. म्हणजे एमएच २८ पासिंग आहे म्हणून गाडी कोरडी, असं समजू नका.

अशा गाड्या बाजारात येतात कशा? दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की ते पूर्ण नुकसान धरलं जातं. मालकाला विम्याचे पैसे मिळतात. पण गाडी भंगारातच जाते असं नाही. कुणीतरी ती स्वस्तात घेतो, धुतो, सीट कव्हर बदलतो, आणि ती दूरच्या जिल्ह्यात विकायला निघते.

आता तपासायचं कसं? दिवसा उजेडात जा.

१. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास येतोय का? अत्तराचा भडक वास असेल तर जास्तच सावध व्हा.

२. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज बाहेर असणारा भाग धुतलेला असतो, आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो.

३. कार्पेट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. सीटखालचे बोल्ट आणि जॅक गंजलेत का बघा.

४. फ्यूज बॉक्स उघडा, जोडांवर हिरवट थर आहे का बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ दिसते का तेही बघा.

५. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी तो काढून टाकलेला असू शकतो.

आता कागद. आरसीवर गाडी कुठे नोंदली आणि मालक कितवा ते बघा. सर्व्हिसची नोंद मागा आणि वरच्या तारखांच्या पुढचे दोन महिने नीट वाचा. विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती आहे ते बघा. चार-पाच वर्षं एकच मालक आहे आणि बोनस शून्य, तर क्लेम कशाचा घेतला होता ते सरळ विचारा. कारण दुसरंही असू शकतं, पण उत्तर देताना समोरचा अडखळला की समजून घ्या.

आणि टोकन देण्याआधी आपला मेकॅनिक सोबत न्या. विकणाऱ्याचा नको, आपला. त्याची दिवसाची मजुरी द्या. काही जण हजार-दोन हजार वाचवायला जातात आणि दोन लाख अडकवून बसतात.

कुणी विचारेल, मालकाने स्वतःहून सांगितलं की बुडाली होती, आणि किंमतही तशीच कमी लावली, तर? घरी दुसरी गाडी असेल तर विचार करा. पण ज्या एका गाडीवर तुमचा रोजचा गल्ला चालणार आहे, ती अशी घेऊ नका. धंद्याच्या गाडीची किंमत फक्त खरेदीच्या पावतीवर नसते. ती उभी राहिली तर रोज किती बुडतं, हे आधी वहीत लिहा आणि मग सांगा ती स्वस्त पडली की महाग.

शेवटचं, तुमच्यापैकी जे जुन्या गाड्यांचाच धंदा करणार आहेत त्यांच्यासाठी. बुडालेली गाडी हातात आली तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा आणि लिहून द्या. एका गाडीत नफा कमी मिळेल. पण चिखली असो की खामगाव, आपल्याकडे बाजार लहान आहे. फसवलेलं गिऱ्हाईक रोज समोरून जातं, आणि ते गप्प बसत नाही.