नोंदवहीचा मालक कोण?

अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० ही तारीख आडवी येते. त्या तारखेच्या आधीपासून आपले वाडवडील इथलेच रहिवासी होते, हे अर्जदाराला दाखवावे लागते. ज्यांच्या घरी पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुना सातबारा आहे, त्यांचे काम सोपे होते. मावळ तालुक्यातल्या कातकरी कुटुंबाकडे यातले बहुधा काहीच नसते. पणजोबा शाळेत गेलेले नसतात, नावावर जमीन नसते आणि दिवाळी सरली की अख्खे घर वीटभट्टीवर मुक्कामाला जात असल्याने जन्माची नोंद ना या गावात होते ना त्या. मग जुन्या कोतवाल बुकाचा, म्हणजे गाव नमुना १४ चा, शोध सुरू होतो. तोही हाती लागला नाही तर वस्तीतल्या जुन्या माणसांच्या सांगण्यावर भिस्त राहते.

इथे समाजकार्यकर्त्याची जुनी वही कामी येऊ शकते. पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या कार्यकर्तीने त्या वस्तीत बसून म्हाताऱ्या आजीकडून वंशावळ लिहून घेतली असेल, कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी हे खाली नमूद केले असेल, तर आजी गेल्यानंतरही चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या कागदातून धागा मिळतो. त्याच वहीत ‘४० कुटुंबांना भेट, प्रतिसाद चांगला’ एवढेच असेल, तर आजीने सांगितलेले सगळे तिच्याबरोबर गेले असे समजावे.

केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम-जनमन योजनेत महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती येतात. घर, रस्ता, पाणी, आरोग्य अशा अनेक सोयी त्यात आहेत. पण वैयक्तिक लाभ दारापर्यंत यायचा तर आधी आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे खाते हवे. वनहक्काचेही तसेच. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत, दावेदार सोडून गावातल्या इतर ज्येष्ठांचे लेखी जबाब पुरावा म्हणून मान्य केले आहेत. म्हणजे तोंडी सांगितलेले नीट लिहून घेतले की तो कायद्याने मानलेला पुरावा होतो, आणि लिहून घेणारा हात बहुतेक वेळा कार्यकर्त्याचा असतो.

आता पवन मावळात या. पवना धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झाले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे जमिनी पाण्याखाली गेल्यानंतरचा. बाधित १,२०३ खातेदारांपैकी ३४० जणांना जमीन मिळाली आणि ८६३ खातेदारांचा प्रश्न पन्नास वर्षे ताटकळत राहिला. त्या वेळचा एक खातेदार म्हणजे आज तीन पिढ्यांचे वारस. मुली लग्न होऊन दुसऱ्या खोऱ्यात गेल्या, नातवंडे पिंपरी-चिंचवडला स्थिरावली, एकच नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिले गेले. अशा लढ्यात मोर्चाइतकेच मोल असते ते आवक क्रमांक पडलेल्या अर्जाच्या प्रतीला, बैठकीच्या इतिवृत्ताला आणि वारसांच्या अद्ययावत यादीला. अशी कामे हाती घेणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते बदलतात, कार्यालये हलतात, निधी आटतो. त्यात कागद गहाळ झाला तर नुकसान संस्थेचे होत नाही. ज्याची जमीन गेली त्याचे होते.

नोंद नसल्याने झालेली ही हानी. नोंद नको तिथे पोहोचल्याने होणारी हानीही मावळात तितकीच जवळ आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. मावळात तळेगावची औद्योगिक वसाहत आहे, शेजारी चाकण आहे, आणि मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणारा मोठा वर्ग आहे. या तालुक्यातल्या बालगृहांना, आश्रमशाळांना आणि वस्त्यांवर काम करणाऱ्या संस्थांना या पैशाची गरज आहे आणि तो घेण्यात काही गैर नाही. अडचण येते ती पैशाच्या बदल्यात मागितल्या जाणाऱ्या पुराव्याची. दप्तर घेताना मुलीचा फोटो, तिच्या नावासह ‘यशोगाथा’, आईची करुण कहाणी. संध्याकाळपर्यंत तो फोटो देणगीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो आणि तिथून पुढे तो कुठे जाईल, हे कोणाच्याच हाती राहत नाही.

बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ याबाबत स्वच्छ आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील वर्तमानपत्र, दृक्‌श्राव्य माध्यम अथवा संपर्काच्या इतर कोणत्याही प्रकाराने उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘संपर्काचा इतर कोणताही प्रकार’ या शब्दांत व्हॉट्सॲप बसते, संस्थेची वार्षिक पुस्तिकाही बसते. लैंगिक अत्याचारग्रस्त व्यक्तीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली वेगळा गुन्हा आहे.

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, हा समज शहरात एक वेळ चालून जाईल, मावळात चालत नाही. आंदर मावळातल्या वीस उंबऱ्यांच्या वस्तीबद्दल ‘चौदा वर्षांची मुलगी, आई भट्टीवर, वडील दोन वर्षांपूर्वी वारले’ एवढे लिहिले की पंचक्रोशीत कोणाला नाव विचारावे लागत नाही. वस्ती, वय, कुटुंबातला मृत्यू आणि आईबापाचा धंदा या चारांपैकी दोन गोष्टी जरी एकत्र आल्या तरी ओळख पटते. बाहेर जाणाऱ्या अहवालात खोऱ्याचे नाव पुरे, वस्तीचे नको. नेमके वय नको, वयोगट पुरे. देणगीदाराला आकडा आणि कामाचा तपशील द्यावा. त्याला चेहरा देण्याचे कारण नाही.

मग संस्थेच्या फाइलमधल्या नोंदीत लिहायचे काय? या प्रश्नाचे उत्तर दोन नमुन्यांवरून कळेल. दोन्ही समजावून देण्यासाठी रचलेले आहेत.

पहिला: ‘आई बेफिकीर. वडील व्यसनी. मुलीचे भवितव्य धोक्यात. संस्थेत दाखल करणे योग्य.’

दुसरा: ‘१२ फेब्रुवारी, सकाळी ११. घरी मुलगी (वय ९) व भाऊ (वय ३). आई-वडील भट्टीवर गेल्याचे शेजारणीने सांगितले. मुलगी भाताला आधण ठेवत होती. शाळेत का जात नाहीस असे विचारल्यावर म्हणाली, बारक्याला कोण बघणार. दोघांच्या अंगावर जखम किंवा माराची खूण दिसली नाही. आईची भेट बाकी, संध्याकाळी ७ नंतर जाणार. मत: भावाला अंगणवाडीत घातल्यास मुलीची शाळा सुरू होऊ शकेल.’

पहिल्यात निकाल आहे, पुरावा नाही. दुसऱ्यात कार्यकर्त्याने डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि स्वतःचे मत या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. काय बाकी आहे तेही लिहिले आहे. बालकल्याण समितीपुढे प्रकरण गेले तर सामाजिक तपासणी कायद्यानुसार पंधरा दिवसांत पुरी व्हावी लागते, आणि समिती आपला निर्णय बऱ्याच अंशी त्या अहवालावर बेतते. पहिल्या प्रकारच्या चार ओळींवर एखादे मूल आईपासून तुटू शकते. आईने उद्या तो अहवाल वाचला तर तिच्या डोळ्याला डोळा देता येईल का, हे सही करण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावे.

मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ १९१७ मध्ये आला, तेव्हापासून पाहिलेले आणि अनुमानाने काढलेले वेगळे ठेवण्याचे शिक्षण या व्यवसायात दिले जाते. भारतात १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने पहिली समाजकार्य शाळा निघाली. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून आहे. क्षेत्रकार्याचे अहवाल लिहून लिहून विद्यार्थ्यांची बोटे दुखतात. तरीही नोकरीला लागल्यावर ही शिस्त सुटते, कारण अहवालाचा वाचक बदलतो. महाविद्यालयात तो मार्गदर्शक असतो, संस्थेत निधी देणारा. ज्याच्याबद्दल लिहिले जाते तो दोन्हीकडे वाचकांत नसतो.

गोपनीयतेचे वचन देतानाही तोल सांभाळावा लागतो. अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे. समाजकार्यकर्त्याला सांगितलेल्या गोष्टींना तसे नाही. न्यायालयाने फाइल मागवली तर ती द्यावी लागते. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या कोणालाही पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. पोलिसांनी त्या खबरीला नोंद क्रमांक द्यायचा असतो, तो मागून घेऊन फाइलमध्ये लिहावा. म्हणून ‘बाळ, तू सांगितलेले मी कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्य कार्यकर्त्याने उच्चारू नये. कोणत्या गोष्टी आपल्यातच राहतील आणि कोणत्या पुढे कळवाव्या लागतील, हे पहिल्याच भेटीत मुलाला समजेल अशा भाषेत सांगावे. हे ऐकून मूल काही दिवस गप्प राहील. पण खोट्या आश्वासनावर बोलते झालेले आणि नंतर फसवले गेलेले मूल पुन्हा कोणावरच विश्वास टाकत नाही.

डॉक्टर आणि वकील यांच्यासारखी समाजकार्याला देशात सर्वंकष वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते आले; वस्तीवर, बालगृहात, पुनर्वसनात काम करणारे बाहेरच राहिले. समाजकार्य शिक्षकांच्या मंचाने १९९७ मध्ये व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांसाठी नीतिमूल्यांचा जाहीरनामा तयार केला होता. तो पाळला नाही म्हणून कोणाचा परवाना जात नाही, कारण परवानाच नाही. त्यामुळे चूक झाली तर दाद मागण्याची जागा संस्थेतच असायला हवी, आणि ती कुटुंबाला माहीत असायला हवी.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात, म्हणजे स्वयंसेवी संस्थांना तयारीला अवधी आहे. कागदावरची माहिती संगणकात चढवली की तीही या कायद्याच्या कक्षेत येते. संमती कशासाठी घेतली जाते हे मराठीतून वाचता येण्याची सोय करावी लागेल, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल आणि काम संपले की माहिती पुसावी लागेल, अन्य कायद्याने ती जपणे आवश्यक असेल तर गोष्ट वेगळी. कोऱ्या फॉर्मवर अंगठा उमटवून घेण्याची सवय यापुढे धोक्याची आहे; नैतिकदृष्ट्या ती आधीही अयोग्यच होती.

काही कामे फारशा पैशाविना होण्यासारखी आहेत. लोणावळ्यात बहुतेक वर्षी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. कार्यालयाच्या ओल्या भिंतीला टेकलेल्या रॅकवर फाइलींना बुरशी चढते. जमिनीपासून वर ठेवलेले कुलपाचे लोखंडी कपाट, चावी दोघांकडेच, आणि कोणती फाइल कोणी कधी बाहेर काढली याची वही, एवढ्याने सुरुवात होते. फाइलवर नावाऐवजी क्रमांक घालावा आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी ठेवावी. कार्यकर्त्याच्या खासगी मोबाइलमध्ये लाभार्थ्यांचे फोटो आणि आधार कार्डे राहू देऊ नयेत. तो नोकरी सोडतो त्या दिवशी ती पुसल्याची लेखी खात्री घ्यावी. चुकीची नोंद खोडून काढू नये. वर एक रेघ मारून, तारीख-सही करून शेजारी दुरुस्ती लिहावी.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र कुटुंबाच्या बाजूचे आहे. मिळवलेला प्रत्येक दाखला, दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक शिक्क्याची प्रत आणि लिहून घेतलेली वंशावळ यांचा एक संच प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्या घरी द्यावा, त्यात काय आहे ते वाचून दाखवावे. तीन वर्षांचा प्रकल्प संपला, संस्था दुसऱ्या तालुक्यात गेली, तरी तो संच घरातच राहील.

या मासिकाच्या वाचकांना विनंती आहे. येत्या महिन्यात आपल्या संस्थेतल्या कोणत्याही दहा फाइली काढा. त्यातल्या किती नोंदींवर तारीख आणि सही आहे, किती ठिकाणी पाहिलेले आणि मत वेगळे लिहिले आहे, किती कुटुंबांकडे त्यांच्या कागदांची प्रत आहे, हे सहकाऱ्यांसोबत बसून तपासा. ज्या घरी प्रत पोहोचलेली नाही, तिथली पहिली गृहभेट त्याच कामासाठी ठेवा, आणि ती भट्टीचा हंगाम सुरू होऊन घरे बंद होण्याआधी उरका.