'घरच्या मैदानावरही जमलं नाही', हा शिक्का चुकीचा का?

मोरा बंदरापासून मुंबईपर्यंत, भारतीय महिला फुटबॉल संघाचा विषय निघाला की जाणकारांचं हे वाक्य ठरलेलं. २०२२च्या आशिया चषकाचा दाखला दिला जातो.

काय घडलं होतं?
२० जानेवारी २०२२ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत-इराण सामना ०-० असा सुटला. २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी गाठ होती. पण करोनामुळे भारताला किमान १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. नियमानुसार संघाने माघार घेतल्याचं धरलं गेलं. इराणविरुद्धची बरोबरीही बाद झाली.

टीकेत तथ्य किती?
इराणविरुद्ध गोल झाला नाही, हे खरं. पदार्पण करणाऱ्या संघाला हरवायला हवं होतं, हेही मान्य. पण परीक्षेला बसूच न शकलेल्या मुलीला नापास कसं म्हणायचं?

मग उत्तर कधी मिळालं?
५ जुलै २०२५ला, चियांग माईमध्ये. भारताने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. २०२२मध्ये यजमान म्हणून थेट प्रवेश होता. २०२६च्या आशिया चषकाचं तिकीट मात्र मुलींनी पात्रता फेरी खेळून कमावलं.

चुकलेल्या पासवर, ढिल्या बचावावर जरूर बोला. पण आजारपणाचं खापर खेळाडूंच्या माथी नको. उरणहून नेरूळला आता लोकल जाते. त्या पुन्हा तिथे खेळल्या, तर तिकीट काढून जाऊ या. मग हक्काने टीका करू.