गळ्यावर नाही, गळ्यात सुरी!

आपला गळा म्हणजे एक भलताच बिझी हँगर आहे. सकाळी ऑफिसचं आयकार्ड, मग ब्लूटूथचा नेकबँड, कुणाची चेन, कुणाची तुळशीची माळ, कुणाच्या आईने जबरदस्तीने बांधलेला ताईत. आता या गर्दीत एक नवा मेंबर येऊ पाहतोय. चाकू! दचकू नका. बोटभर पात्याचा, पातळ म्यानात बसलेला, मूठ खाली आणि टोक वर असा दोरीने छातीवर लटकणारा छोटा चाकू. याला म्हणतात नेक नाइफ. ‘ईडीसी’ म्हणजे एव्हरीडे कॅरी, अर्थात रोज अंगावर वागवायच्या वस्तू, हा ज्यांचा छंद आहे त्या मंडळींचा हा लाडका आयटम.

तसं पाहिलं तर ईडीसी आपल्याला काही नवं नाही. आजोबांच्या कमरेची चंची आठवा. पान, चुन्याची डबी, सुपारी आणि तिच्यात तो पितळी आडकित्ता! कोकणात तर आजही कमरेला मागच्या बाजूला आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता दिसतो. हत्यार अंगावर कुठे राहायचं हे नेहमी कामावरून ठरत आलंय. गळ्यातल्या चाकूचंही तसंच. अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या परिसरातल्या मूळ रहिवाशांची, साळिंदराच्या काट्यांच्या नक्षीने मढवलेली गळ्यातली म्यानं आज म्युझियममध्ये बघायला मिळतात.

पण आज, 2 बीएचके आणि ईएमआयवाल्या माणसाने चाकू गळ्यात का घालावा? कारण साधं आहे. मोठी सॅक पाठीवर घेतली की तिचा पट्टा कमरेवर घट्ट बसतो. बेल्टला लावलेला चाकू त्याच्याखाली दाबला जातो, टोचतो, आणि हवा तेव्हा निघतच नाही. खिशातल्या चाकूसाठी बसल्या बसल्या अर्धं अंग वाकडं करावं लागतं. कयाकिंगला लाइफ जॅकेट असतं, तिथेही कंबर बंद. छाती मात्र मोकळी. एका हाताने, न बघता, पटकन हाताला येणारी जागा ती हीच. म्हणजे हा ट्रेकचा, कॅम्पचा, पाण्याकाठचा चाकू आहे. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीला जाताना टायसारखा मिरवायचा नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण पहिला प्रश्न तोच येणार. आर्म्स रूल्स 2016 च्या पहिल्या परिशिष्टात 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजलेत. त्यातून घरगुती, शेतीच्या वगैरे कामासाठी बनवलेले वगळलेत. आपला अडीच इंची चाकू त्या मापात कुठेच येत नाही. झालं, सुटलो? नाही हो! महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाईचे आदेश निघतात, सणासुदीला, निवडणुकीच्या दिवसांत, कधी एरवीही. त्या काळात काठी, चाकू अशा वस्तू बाळगून फिरण्यावरच बंदी असते, आणि तिथे इंच कुणी मोजत बसत नाही. मेट्रो, मॉल, कोर्ट सगळीकडे तपासणी आहेच. विमानात फक्त चेक-इन बॅगेतून. म्हणून माझा नियम सरळ आहे: शहरात चाकू सॅकच्या तळाशी, म्यानात, फर्स्ट एड किटबरोबर. पायथ्याच्या गावात पोचलात की गळ्यात. परत एसटीत बसलात की पुन्हा तळाशी.

आणि पुण्याहून थेट सनीव्हेलला गेलेल्या दोस्तांनो, तुमचं प्रकरण जास्त नाजूक आहे. ज्या अमेरिकेत हे फॅड वाढलं, तिथल्याच कॅलिफोर्नियात शर्टाखाली लपवलेला असा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणारा चाकू, थेट गुन्ह्यात बसू शकतो. म्यानात घालून उघडपणे लटकवलेला चाकू लपवलेला मानत नाहीत, पण कायद्यात तिथे शब्द आहे ‘कंबर’, गळा नव्हे! ब्रिटनमध्ये तर सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी फिक्स्ड ब्लेड बाळगताच येत नाही. सूट आहे ती 3 इंचांपर्यंतच्या, लॉक न होणाऱ्या घडीच्या चाकूला.

‘पण सेल्फ डिफेन्स?’ असं कुणीतरी विचारणारच. विसरा. घाबरलेल्या माणसाच्या हातातला दोन बोटं मुठीचा चाकू आधी त्याचीच बोटं कापतो. समोरचा जवळ आला तर गळ्यातली दोरी त्याच्या हातात आयती. त्यापेक्षा शिट्टी लटकवा, 112 लक्षात ठेवा आणि पळा. त्यामुळे दुधारी कट्यारी, वाघनखासारखे वाकडे करंबिट, काळ्या रंगाचे ‘टॅक्टिकल’ नमुने आपल्या यादीतून इथेच बाद. फोटोत भन्नाट दिसतात, काकडीसुद्धा धड कापत नाहीत.

आता खरा मुद्दा. नेक नाइफ घेताना सगळे पात्याकडे बघतात. तुम्ही आधी दोरीकडे बघा.

आयकार्डची पट्टी हातात घ्या. बऱ्याच पट्ट्यांना मानेमागे प्लॅस्टिकचा छोटा क्लिप असतो, झटका दिला की तो सुटतो. पट्टी दारात, लिफ्टमध्ये, मशिनमध्ये अडकली तर मान वाचावी म्हणून केलेली ती सोय आहे. चाकूबरोबर मात्र अनेकदा पॅराकॉर्ड येतो, किंवा हौशी मंडळी तो मुद्दाम घालतात, कारण तो ‘स्ट्राँग’ असतो. 550 पॅराकॉर्डमधल्या 550 चा अर्थ काय माहितीये? तो 550 पौंड, म्हणजे जवळजवळ 250 किलो वजन पेलतो. तुम्ही आणि तुमचे दोन मित्र एकदम लटकलात तरी तुटेल न तुटेल! पॅराशूटला असा दोर हवाच. पण करवंदाच्या जाळीतून उतरताना तो फांदीत अडकला आणि पाय घसरला, तर? भीमाशंकरच्या शिडी घाटात लोखंडी शिडीच्या कडेला अडकला आणि खालची पायरी चुकली, तर? दोर तुटणार नाही. शरीराचं सगळं वजन गळ्यावर येईल. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो, तोवर चाकू काढून दोर कापायचं सुचणार कुणाला?

म्हणून दोरीला सुटणारा क्लिप हवाच. नाहीतर बारीक मण्यांची स्टीलची साखळी घ्या, तीही झटक्याने सुटते. पण विक्रेता सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. दोरी गळ्यात न घालता दाराच्या कडीला अडकवा आणि हाताने जोरात हिसका द्या. सुटली तर ठीक. उड्या मारताना चाकूच्या वजनाने सुटू नये आणि एका हिसक्यात सुटावी, एवढीच तिची ताकद हवी. मग कधीतरी चाकू दरीत जाईल. जाऊ दे.

क्लिप असला तरी काही ठिकाणी चाकू गळ्यातून उतरवायचाच. तंबूत झोपताना, झाडावर किंवा शिडीवर चढताना, कडेवर पोर असताना. आणि रॅपलिंग करताना तर शंभर टक्के! पावसाळ्यात धबधब्यावर रॅपलिंगला जाणाऱ्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, ‘केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये अडकला तर कापायला गळ्यात चाकू बरा.’ ऐकायला बरोबर वाटतं. पण डिसेंडर असतो पोटाशी, चाकू लटकतो त्याच्या जरा वर. जे टी-शर्टचं होतं तेच चाकूच्या दोरीचंही होणार, ती आत ओढली जाणार. त्यात दुसरी गोष्ट जास्त भयानक. ताण आलेल्या दोराला धार नुसती टेकली तरी तो फटकन तुटतो. सैल दोर कापायला घासावं लागतं म्हणून आपला अंदाज चुकतो. पाण्याच्या माऱ्यात, थरथरत्या हाताने, ज्या दोरावर आपण लटकलोय त्याच्या दोन इंचांवर उघडं पातं चालवायचं? तिथे चाकू नको, केस घट्ट बांधा, टी-शर्ट आत खोचा आणि अडकलंच तर वरच्या लीडरला हाक मारा.

दोरीनंतर म्यान. चाकू उलटा लटकणार, त्यामुळे म्यानाची पकड ढिली असली तर तो एक दिवस पायावर पडणारच. कायडेक्स नावाचं कडक प्लॅस्टिक यासाठी आवडतं, कारण तापवून ते पात्याच्या आकारावर तंतोतंत बसवता येतं आणि चाकू आत जाताना ‘टक्’ आवाज येतो. घरी आल्यावर पलंगावर जाड गोधडी अंथरा, चाकू म्यानासकट उलटा धरून चांगला दहा-बारा वेळा झटका. पडला तर परत करा. कातडी म्यान दिसायला राजेशाही, पण घाम आणि सह्याद्रीचा पाऊस पिऊन ते बुरशी धरतं. चाकू काढताना अंगठ्याने म्यान ढकलून खाली काढायचा. परत घालताना म्यान छातीपासून दूर हातात धरायचं आणि डोळ्यांनी बघायचं. इथे स्टाइल मारायची नाही.

वजनाचं म्हणाल तर चाकू, म्यान, दोरी सगळं मिळून 100 ग्रॅमच्या आत बसवा. दोन अंडी समजा. त्याहून जड चाकू उतारावर धावताना छातीवर ठकठक करतो आणि दुपारपर्यंत सॅकमध्ये जातो. पातं 5 ते 7 सेंटिमीटर पुरे. बँडेज, सुतळी, पेरू, कैरी, मॅगीचं पाकीट, एवढीच तर कामं! टोक फार अणकुचीदार नसलेलं बरं, दगडावर पालथे पडलात तर त्याचा उपयोग कळेल.

सीआरकेटीचा ‘मिनिमलिस्ट’, ॲलन फोल्ट्सने डिझाइन केलेला, 45 ग्रॅमच्या आसपास. इवलासा, पण मुठीला बोटांसाठी खोल खाचा आहेत, त्यामुळे ओल्या हातातूनही निसटत नाही. फक्त तुमची बोटं जाड असतील तर घेण्याआधी हातात धरून बघाच. ईएसईईचा ‘इझुला’ चाकू-चाकू 57 ग्रॅम, ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका जहरी मुंगीचं नाव मिरवणारा. मूठ म्हणजे नुसता पोकळ सांगाडा, हलका, पण जरा वेळ काम केलं की तळव्यात रुततो. वर दोरी गुंडाळा. त्याचं पोलाद 1095, धार सुरेख, गंजाशी मात्र त्याचं जुनं प्रेम. माझं मत विचाराल तर स्वीडनच्या मोराकनिव्हचा ‘एल्ड्रिस’. 80 ग्रॅमच्या आसपास, जरा गुबगुबीत, ईडीसीवाले नाक मुरडतील. पण मूठ गोल आणि भरीव, पातं स्टेनलेस. गळ्यात घालायची दोरी वेगळ्या किटमध्ये मिळते, आणि कुठलंही किट असो, दाराच्या कडीची परीक्षा तिलाही द्यायला लावा.

हे सगळं नकोच असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा ‘क्लासिक’ आहेच. 58 मिलिमीटर, 21 ग्रॅम, किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो, आणि त्याच्या कात्रीने नखंही कापता येतात.

ट्रेकहून आलात की चाकू साबणाने धुवा आणि म्यानातही पाणी ओता, घाम आणि मीठ तिथेच साचतं. दोन्ही वेगवेगळे सुकवा. 1095 असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर, फळ कापायच्या आधी तो पुसा. आणि धार लावायला रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे देऊ नका. एवढं पातळ पातं कोरड्या चाकावर तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. कुरुंदाच्या बारीक दगडावर पाणी टाकून रविवारी दहा मिनिटं घासा.