‘बारीक झालीस, छान दिसतेस!’ हे कौतुक आता बंद करा

एरवी मी या जागी आजार समजावून सांगतो. आज थोडं भांडणार आहे, आणि तेही तुमच्याशीच.

समजा, घरातल्या आजोबांचं वजन तीन महिन्यांत सहा किलोंनी उतरलं. तुम्ही काय कराल? साखर तपासाल, थायरॉईड बघाल, छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी कराल. रिपोर्ट हातात येईपर्यंत तुम्हाला झोप लागणार नाही. तेवढंच वजन पंधरा वर्षांच्या नातीचं उतरलं तर? “किती छान दिसतेस! काय केलंस गं? आम्हालाही सांग की.” वाढीच्या वयात वजन वाढायला हवं. ते उतरत असेल तर त्याचं कौतुक करायचं नसतं, त्याचं कारण शोधायचं असतं.

हे नखरे नाहीत

खाण्याशी निगडित मानसिक आजार मुख्यतः तीन प्रकारचे असतात. ॲनोरेक्सियात मूल खाणं तोडत जातं. हाडं दिसू लागली तरी त्याला आपण जाडच वाटतो. बुलिमियात ते भराभर खूप खातं आणि मग ओकून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन किंवा अति व्यायाम करून ते ‘फेडतं’. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे बिंज इटिंगमध्ये, खाण्यावर ताबा राहत नाही आणि नंतर प्रचंड लाज वाटते. बुलिमियात वजन बरेचदा नॉर्मल असतं, म्हणून घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

आणि हे फक्त मुलींना होतं असं समजू नका. जिम, प्रोटीन पावडर आणि ‘कटिंग’च्या नावाखाली मुलगेही याच वाटेने जातात. त्यांच्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं.

उपाशी पोट मनालाही आजारी करतं

“आधी तिचा मूड सुधारू दे, मग खाईल आपोआप,” असं पालक म्हणतात. गणित बरेचदा उलटं असतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं. ही मुलं मनाने खंबीर आहेत, हे आधी तपासून घेतलं होतं. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं, तसे ते चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले. डोक्यात सतत अन्नाचाच विचार. पोटभर खायला मिळू लागल्यावरही काहींचा खाण्यावरचा ताबा लवकर परत आला नाही.

म्हणजे नैराश्यामुळे खाणं बिघडतं आणि खाणं बिघडल्याने नैराश्य वाढतं. हे चक्र दोन्हीकडून तोडावं लागतं. वजन फार उतरलेलं असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्या पुरेशा लागू पडत नाहीत. अन्न हा तिथे औषधाचाच भाग असतो.

आणखी एक. या वयातलं नैराश्य रडक्या चेहऱ्यानेच येतं असं नाही. ते चिडचिड, दार लावून बसणं, मार्क घसरणं, पोटदुखी अशा रूपांत येतं. आपण त्याला ‘उद्धटपणा’ म्हणतो आणि मोबाईल काढून घेऊन मोकळे होतो.

“आमच्या वेळी नव्हतं असलं काही”

होतं. नाव नव्हतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. साठ मुलांच्या वर्गात चार मुलं, असा त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप लग्नाचा. “सायकियाट्रिस्टकडे नेलं हे कळलं तर?” २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. आणि खरं सांगा, स्थळाची काळजी मोठी की मुलीची?

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणं आहे. अशा मुलाला भूक वाढवायचं सिरप लिहून देऊ नका. त्याला भूक लागते, तो ती दाबतो. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ‘काही नाही, टेन्शन आहे’ असंही म्हणू नका. शरीर बराच काळ निभावून नेतं. नाडी मोजा, पाळीबद्दल विचारा, वाढीचा तक्ता बघा.

घरात काय बघाल?

- मुद्दाम उलटी काढणं, जेवणानंतर लगेच बाथरूम गाठणं
- खाण्यावर ताबा राहत नाही अशी भीती
- तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त घट
- इतर बारीक म्हणत असताना स्वतः जाड वाटणं
- दिवसभर अन्नाचाच विचार

यांतल्या दोन गोष्टी जरी लागू असल्या तरी तपासणी करून घ्या. पाळी बंद होणं, अचानक वाढलेले उपवास, उन्हाळ्यातही ढगळ कपडे, ‘मी मैत्रिणीकडे जेवले’ हेही ध्यानात ठेवा. चक्कर येऊन पडणं, विश्रांतीतही नाडी ५० च्या खाली असणं किंवा मरणाची भाषा यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालू असतो.

ताटावर बसून भांडू नका, पण ताट सोडूनही देऊ नका. रोज एक जेवण तरी एकत्र करा. आईवडिलांनी जेवणाची सूत्रं काही काळ हातात घेणं, हा ॲनोरेक्सियावरच्या मान्य उपचारांतला गाभा आहे.

आणि पुढच्या लग्नकार्यात कुणाची मुलगी बारीक दिसली, तर तिच्या वजनाबद्दल चकार शब्द काढू नका. ‘कशी आहेस?’ एवढंच विचारा, आणि उत्तर ऐकायला दोन मिनिटं थांबा.