प्रतिकारशक्ती वाढवावी, की तिचे नियमन करावे?

२०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची या तिघा संशोधकांना विभागून देण्यात आले. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच धातूंवर का उलटत नाही, या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर त्यांच्या कार्यातून मिळाले. या यंत्रणेला आवर घालणाऱ्या 'नियामक टी पेशी' साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. ब्रंकाव व रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये 'फॉक्सपी-३' हे जनुक शोधले. त्यात दोष असलेल्या बालकांना तीव्र ऑटोइम्यून विकार जडतो. हेच जनुक त्या नियामक पेशींच्या घडणीवर नियंत्रण ठेवते, हे २००३ मध्ये सिद्ध झाले.

'हे आमच्या ग्रंथांत पूर्वीच सांगितले आहे', असे म्हणण्याचा मोह आपण टाळावा, असे आम्हांस वाटते. तथापि धातुसाम्य हेच चिकित्सेचे प्रयोजन मानणाऱ्या वैद्यांना या संशोधनाचा मथितार्थ सहज उमगावा. संधिवात, ल्युपस यांसारख्या विकारांत प्रतिकारशक्ती दुर्बल नसते. ती अनावर झालेली असते. मग अशा रुग्णास 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' औषध देताना आपण नेमके काय वाढवीत आहोत?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. कोविडकाळात गुळवेलीचे काढे घरोघरी गेले. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेलसेवनानंतर यकृतदाह झालेले सहा रुग्ण आढळले व त्यांचा वृत्तान्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी चौघांच्या यकृतात ऑटोइम्यून स्वरूपाचा सुप्त विकार आधीपासून असावा, असा संशोधकांचा कयास होता. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला आणि तो अस्थानी नव्हता. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या अन्य जातीही आहेत. परंतु हा आक्षेप आपल्यावरही जबाबदारी टाकतो. आपल्या दुकानातील भरड कोणत्या वेलीची आहे, हे आपण तरी खात्रीने सांगू शकतो काय?

उलट बाजूही नमूद करणे न्याय्य ठरेल. कोइमतूर येथे ४३ संधिवातरुग्णांवर आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी दुहेरी-अंध तुलना झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तिन्ही गटांतील परिणाम जवळपास सारखे आढळले. अभ्यास लहान होता, हे खरे. परंतु शिस्तबद्ध मार्गाने गेल्यास आयुर्वेदास कसोटीचे भय नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

म्हणून आमची व्यवसायबंधूंना आग्रहाची विनंती आहे. गुळवेल, अश्वगंधा आदी द्रव्ये देण्यापूर्वी रुग्णास व त्याच्या कुटुंबात थायरॉइड, सोरायसिस, संधिवात, यकृतविकार आहे काय, हे अवश्य विचारावे. चालू असलेले स्टेरॉइड वा मेथोट्रेक्सेट परस्पर बंद करू नये. दीर्घकाळ औषध द्यावयाचे असल्यास यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात. औषधालयचालकांनी ओळख पटलेलाच माल घ्यावा आणि 'सर्वांसाठी इम्युनिटी बूस्टर' अशा पाट्या उतरवाव्यात. काही अनिष्ट घडल्यास २०१८ पासून सुरू झालेल्या आयुष औषधांच्या फार्माकोव्हिजिलन्स यंत्रणेकडे निःसंकोच कळवावे.

दोष दडविल्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही. रुग्णाची प्रकृती न पाहता सरसकट औषध देणे हे तर मुळात आयुर्वेदच नव्हे. त्याचे स्मरण नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने व्हावे, हे आपल्यासाठी भूषणावह नसले, तरी हितावह खचितच आहे.