नवऱ्याचे शेअर, बायकोचा हक्क आणि ६० हजार डॉलर



रविवारच्या अर्थपुरवणीत अमेरिकी शेअर घरबसल्या कसे घ्यावेत, यावर पानभर लेख वाचला. कधी घ्यावेत, कधी विकावेत, डॉलर वधारला की फायदा किती, सगळे आहे. घेणारा माणूस गेला तर त्याच्या बायकोच्या हातात काय पडते, यावर एक ओळ नाही.

अमेरिकेचा नागरिक नसलेला, तिथे न राहणारा माणूस वारला, की त्याच्या अमेरिकी कंपन्यांच्या शेअरना वारसा करातून माफी फक्त ६० हजार डॉलरची. त्यापुढे कर चढत चढत ४० टक्क्यांवर जातो. अमेरिकी नागरिकाला हीच माफी २०२६ साठी दीड कोटी डॉलर आहे. साठ हजार कुठे आणि दीड कोटी कुठे! शिवाय मागे राहिलेली बायको अमेरिकी नागरिक असेल तर नवऱ्याकडून आलेल्या मालमत्तेवर कर शून्य. आमच्या पुण्याच्या मुलीला ही सवलत नाही. ट्रस्ट स्थापून कर पुढे ढकलण्याची सोय आहे, पण ती परवडते बड्या लोकांना.

माझ्या भाचीचा नवरा हिंजवडीत एका अमेरिकी कंपनीत होता. पगाराबरोबर मिळणारे शेअर साठत साठत दोन लाख डॉलरच्या घरात गेले आणि तो अचानक गेला. दोन लाखांवर कर होतो ४१,८०० डॉलर. हिंदू वारसा कायद्याने भाची पहिल्या वर्गातली वारस. कोर्टाचे वारसा प्रमाणपत्रही तिने आणले. ब्रोकर म्हणतो, अमेरिकी कर खात्याचे ट्रान्स्फर सर्टिफिकेट आणा, मग शेअर सोडू. म्हणजे कर आधी भरायचा, आणि भरायचे पैसे अडकलेत त्याच शेअरमध्ये! दोन मुलांच्या आईने ते आणायचे कुठून?

आपल्याकडे इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली, त्यामुळे असा कर कुणाच्या ध्यानीमनी नसतो. सरकारला मात्र ही सबब नाही. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देते, म्हणजे त्या ६० हजारांच्या माफीच्या चौपटीहून जास्त. परदेशी शेअर विवरणपत्रात दाखवायला लावते तेही सरकारच. मग अमेरिकेशी वारसा कराचा करार का नाही? १९८९ चा करार आयकरापुरता आहे. ब्रिटन, जर्मनी, जपान यांनी आपल्या नागरिकांसाठी असा करार करून घेतला. आपल्या लाखो आयटीवाल्यांच्या बायकामुलांची कुणाला पडलेली नाही, दुसरे काय!

आणि या कंपन्या! शेअर देताना मोठमोठे कार्यक्रम होतात, बायकोला मात्र कुणी काही सांगत नाही. भाचीच्या नवऱ्याच्या शेअरचे खाते ऑफिसच्या ईमेलवर होते. तो गेल्यावर आठवड्याभरात कंपनीने ते ईमेल बंद केले. खात्यात शेअर किती, हे कळायलाच तिला महिनोन्‌महिने पत्रे लिहावी लागली. असे खाते उघडताना जोडीदाराचा ईमेल आणि मोबाईल नोंदवणे सक्तीचे करायला तर अमेरिकेशी कोणताही करार लागत नाही.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे