मोडलेले हाड आणि थांबलेले नातेवाईक

पाडेली माडावरून पडतो, श्रावणातल्या शेवाळलेल्या अंगणात आजी घसरते, पत्रादेवीच्या हमरस्त्यावर दुचाकी आदळते. पेडणे व डिचोली तालुक्यांतील डॉक्टरांना हे प्रसंग नवीन नाहीत आणि त्यानंतरचा नातेवाइकांचा रोषही नवीन नाही. ‘दोन तास झाले, अजून प्लास्टर घातले नाही’ ही त्यातली नेहमीची तक्रार. माझ्या मते या रोषाचे मूळ बहुधा उपचारांत नसून अपेक्षेत असते.

आपत्कालीन विभागात मोडलेले हाड हा पहिला प्रश्न नसतोच. श्वास, रक्तस्राव, शुद्ध आणि मान यांची तपासणी आधी होते. मांडीचे हाड मोडल्यास कातडी न फाटताही लिटर-दीड लिटर रक्त आत साचू शकते. कटीर मोडल्यास त्याहूनही अधिक. म्हणूनच वाकडा हात धरून कण्हणारा तरुण बाकावर थांबतो आणि निपचित, फिकट पडलेला वृद्ध आधी आत जातो. यात वशिला नसतो.

पूर्ण प्लास्टर पहिल्या दिवशी सहसा घालीतही नाहीत. सूज वाढत असताना अवयव बंदिस्त केला तर आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो आणि सुमारे सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. म्हणून आधी अर्धे प्लास्टर, म्हणजे स्लॅब. घट्ट बांधणीने आखडलेल्या हाताचे वर्णन जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये केले. बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्यास आजही तेच घडते. हाडवैद्यांची हेटाळणी करण्याचा हेतू नाही. ज्या स्प्लिंटमध्ये आपण मोडलेली मांडी आधाराला ठेवतो, त्याचा जनक ह्यू ओवेन थॉमस हाडवैद्यांच्याच घराण्यातला होता. परंतु औषधानेही न शमणारी, वाढतच जाणारी वेदना, बोटे सरळ करताना उठणारी कळ किंवा बधिरता जाणवली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री परत यावे.

शस्त्रक्रियेच्या वेळेबाबतही मोठा गैरसमज आहे. घोट्याजवळचे हाड मोडून सूज चढली असेल तर आठवडाभर किंवा अधिक थांबणे हाच शहाणपणा ठरतो. वृद्धांच्या खुब्याच्या अस्थिभंगाचे नेमके उलट आहे. तिथे शक्यतो अठ्ठेचाळीस तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, शय्याव्रण व रक्ताच्या गुठळ्या गाठतात. आपल्याकडे मात्र ‘आता या वयात कशाला कापाकापी’ यावर घरात खल चालतो आणि मुंबईचा मुलगा येईपर्यंत दोन दिवस निघून जातात. आजी त्या मोडलेल्या हाडाने नव्हे, त्या खाटेने जाते.

आपल्या व्यवसायबंधूंनाही थोडे सांगायचे आहे. गंभीर रुग्णाला अखेर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते आणि २००८ पासून १०८ ची रुग्णवाहिकाही मिळते. परंतु ती येईपर्यंतचा वेळ आपला असतो. हाड उघडे पडले असेल तर जखम स्वच्छ झाकून पहिल्या तासातच प्रतिजैविक द्यावे; धनुर्वाताची लस, वेदनाशामक व आधार इथेच द्यावेत. चिठ्ठीत अपघाताची वेळ, नाडी लागते की नाही, बोटे हलतात की नाही आणि काय दिले हे लिहावे. ‘रेफर्ड फॉर फर्दर मॅनेजमेंट’ एवढ्याने पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. पोलिसांच्या कागदांसाठी उपचार अडवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

घरच्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अंगठ्या व बांगड्या सूज येण्याआधी उतरवाव्यात. सुवासिनीचा चुडा काढायला घरची मंडळी कचरतात, मग तो कापून काढावा लागतो. आणि धीर यावा म्हणून वाटेत चहा-बिस्किटे देऊ नयेत, कारण पोट भरलेले असेल तर भूल देणे लांबते.